शिंपले मोजताय? या चुका टाळा

तापीकाठी रिकाम्या शिंपल्यांचा सडा दिसला की पोरं खूश. पटापट मोजून वहीत आकडा टाकतात. पण रिकामं टरफल ही मेलेल्याची नोंद. शिवाय हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पुरात टरफलं कुठल्या कुठे वाहून जातात. जिवंत शिंपला चिखलवाळूत रुतलेला असतो, तो हातानं चाचपडूनच शोधावा लागतो.

‘इथे काही नाही, म्हणजे जागाच खराब’ असंही लिहू नका. तापीकाठच्याच सारंगखेड्याला मी हेच लिहिलं होतं. एका भोईदादांनी काठावरचा ढीग दाखवला: गोगलगायींचे शंख, जवळजवळ सगळे अख्खे, आतून साफ. हे काम मुग्धबलाकाचं. हा करकोचा चोचीचं टोक आत घालून स्नायू कापतो, शंख फोडत बसत नाही. खेकडा असता तर कडा कुरतडलेल्या दिसल्या असत्या. जागा उत्तम होती, म्हणूनच तर तिथे गिऱ्हाईक येत होतं!

दोष जागेचा की खाणाऱ्याचा, हे ठरवायला शिंपल्यांवर जाळीचा पिंजरा लावतात. इथे हमखास फसगत होते. जाळीमुळे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ साचतो आणि आतले शिंपले त्यानंच दगावतात. म्हणून शेजारी दोन बाजू उघड्या ठेवलेला दुसरा पिंजरा आणि एक मोकळा चौकोन हवाच. बंद पिंजऱ्यात शिंपले टिकले आणि बाकी दोन्हीकडे घटले, तर खाणारा शोधा. मोकळ्यात ठीक पण दोन्ही पिंजऱ्यांत मेले, तर दोष जाळीचा. तिन्हीकडे मेले तर गाळ, प्राणवायू, उतरलेलं पाणी तपासा.

नदीचा हिशेब खाडीला लावू नका. सुरतेपुढे तापी समुद्राला मिळते, तिथे खारेपणाही खेळात उतरतो. कालवं, म्हणजे खाडीतले शिंपले, निमखाऱ्या पाण्यात तग धरतात. त्यांना भोक पाडून खाणाऱ्या गोगलगायींना आणि तारामाशांना ते पाणी मानवत नाही. म्हणून खाडीच्या आतल्या भागात कालवांना आसरा मिळतो. पूर फार दिवस टिकला तर मात्र कालवंही मरतात. (आपल्याकडच्या नदीतल्या शिंपल्याला गोल भोक दिसलं तर बहुधा कुणीतरी माळेसाठी पाडलेलं असतं.)

आणि पट्टीनं लांबी मोजा. नदीतल्या शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. नुसते मोठेच शिंपले सापडत असतील, म्हणजे नवी पिल्लं येत नसतील, तर आधी भोईदादांना विचारा, जाळ्यात हल्ली कोणते मासे येतात.