सोलरच्या बॅटऱ्या समांतर जोडताना मुख्य तारा कुठून काढायच्या?

१२ व्होल्ट, १०० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) चार बॅटऱ्या समांतर जोडल्या की व्होल्ट १२च राहतात, एएच ४०० होतात. प्लसला प्लस, मायनसला मायनस. इथपर्यंत सगळेच बरोबर सांगतात. पुढे ‘इन्व्हर्टरच्या दोन्ही तारा पहिल्या बॅटरीला लावा’ असं बिनदिक्कत सांगितलं जातं, आणि तिथेच बॅटऱ्यांची वाट लागते.

बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वयाच्या घ्या. जुन्यांत नवी मिसळू नका.

जोडण्याआधी प्रत्येक बॅटरी वेगवेगळी, पूर्ण चार्ज करा. काही तास तशीच ठेवून मल्टिमीटर लावा. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. कुठल्याही दोन बॅटऱ्यांत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर जोडू नका, नाहीतर भरलेली बॅटरी रिकामीत एकदम करंट ओतते. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये अर्धी आणि पाऊण भरलेली बॅटरी जवळजवळ सारखेच व्होल्ट दाखवते, म्हणून तिथे नुसत्या मीटरवर विसंबू नका. पूर्ण चार्ज कराच. किती बॅटऱ्या समांतर चालतात तेही तिच्या माहितीपत्रकात बघा.

अंगठी, घड्याळ काढा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. प्रत्येक बॅटरीच्या प्लसला लागूनच डीसी फ्यूज लावा. एक बॅटरी आतून शॉर्ट झाली तर बाकीच्या तिन्ही तिच्यात करंट सोडतात, तेव्हा मुख्य तारेवरचा फ्यूज काहीच करू शकत नाही.

आता मुख्य तारा. माझ्या पहिल्या जोडणीत दोन्ही तारा मी पहिल्याच बॅटरीवरून काढल्या होत्या. दीड वर्षात ती बसली. बॅटरीच खराब निघाली असं समजून नवी आणली. तीही वर्षभरात बसली. मग लोड चालू ठेवून एकेका बॅटरीच्या तारेला क्लॅम्प मीटर (तार न सोडवता करंट मोजणारा चिमटा) लावला, तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त काम पहिल्या दोघींच्याच, आणि त्यातही पहिलीच्या अंगावर जास्त पडत होतं.

हिशेब असा. बॅटरीचा आतला रोध ४ मिलिओहम आणि दोन बॅटऱ्यांमधल्या एका जोडतारेचा, लग (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) आणि नट धरून, ०.३ मिलिओहम धरा. ०.३ म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दोन्ही तारा पहिलीवर असतील आणि १०० अँपिअर ओढले, तर पहिली ३६ देते, दुसरी २६, तिसरी २० आणि चौथी जेमतेम १८.

यावरचा उपाय फुकट आहे: प्लस पहिल्या बॅटरीवरून काढा, मायनस शेवटच्या. मग कुठल्याही बॅटरीच्या वाटेत मोजून तीनच जोडतारा येतात आणि वाटणी २७, २३, २३, २७ अशी होते. चार्जरच्या ताराही याच दोन टोकांना. ‘दोन-चार इंचांनी काय फरक पडतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

चारपेक्षा जास्त बॅटऱ्या असतील तर मी बसबारशिवाय (सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ती धातूची जाड पट्टी) जोडतच नाही. प्रत्येक बॅटरीपासून प्लस आणि मायनस बसबारपर्यंत सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या तारा. जवळच्या बॅटरीची तार आखूड करायचा मोह होतो. करू नका, जास्तीची लांबी वळवून ठेवा.

लग थेट टर्मिनलच्या शिशावर टेकला पाहिजे, वॉशर त्याच्या वर. एकदा एका जोडणीत स्टीलचा वॉशर लगच्या खाली गेला होता. अर्ध्या तासात तो सांधा हात लावता येणार नाही इतका तापला, आणि तारेचं आवरण लगपाशी मऊ पडलं.

सोलर चार्ज कंट्रोलरला (पॅनलमधून बॅटरीत जाणारा करंट सांभाळणारी पेटी) आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. मग भरपूर लोड लावून प्रत्येक बॅटरीचा करंट क्लॅम्प मीटरने मोजा. एखादीचा आकडा तिच्या जोडीदारणींपेक्षा फार कमी आला, तर बॅटरीला दोष देण्याआधी लोड बंद करून तिचे नट उघडा आणि लगच्या खाली काय आहे ते बघा.