डेअरीतलं पनीर खराब निघालं तर: तक्रारीपासून जप्तीपर्यंत

एकदा उन्हाळ्यात घरी आणलेल्या श्रीखंडाच्या डब्याचं झाकण फुगलेलं होतं. उघडल्याबरोबर आंबूस भपकारा आला. मी डबा लगेच कचऱ्यात टाकला आणि तिथेच चुकलो. दुकानात तसले आणखी डबे होते, पण दाखवायला माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम हे, की वस्तू फेकू नका. आहे त्या पाकिटासकट फ्रीजमध्ये वेगळी ठेवा आणि बिल जपा. बॅच नंबर, तारीख आणि पाकिटावरचा 14 आकडी अन्न परवाना (FSSAI) क्रमांक यांचे फोटो काढा.

मग लगेच तक्रार करा. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक 1800-222-365 आहे, शिवाय ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपही आहे. नुसतं ‘माल खराब आहे’ म्हणून थांबू नका. माल कुठे ठेवलाय, फ्रीज चालू होता का, अजून किती शिल्लक आहे, तेही सांगा. नासका माल रातोरात हलवला जाऊ शकतो.

पुढचं काम अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 38 नुसार तो तपासणी करतो, नमुना घेतो, माल जप्त करतो. नमुन्याचे चार भाग होतात: एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदावधित अधिकाऱ्याकडे (म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे), आणि दुकानदाराने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवस असतात. पनीर तेवढे दिवस कसं टिकणार? म्हणूनच नाशवंत माल खाण्यालायक राहिला नसेल, तर दुकानदाराला लेखी नोटीस देऊन तो नष्ट करता येतो. जप्त केलेला माल कधी कधी दुकानदाराच्याच ताब्यात ठेवतात. ते पाहून लगेच ‘मिटवलं’ असं समजू नका, कायद्यातच तशी सोय आहे.

स्वतः तपासणी करून घ्यायची असेल तर कलम 40 वापरा. मात्र ‘हे मी तपासायला देणार आहे’ असं खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. फी आधी तुम्ही भरायची. माल दोषी ठरला तर ती परत मिळते.

आणि दुकानदारांनो, जप्ती झाली तर हुज्जत न घालता पंचनामा नीट वाचा, मालाचं वजन आणि नग जुळवून पाहा, मगच सही करा आणि प्रत मागून घ्या. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येतं. अधिकाऱ्याने विनाकारण, त्रास देण्यासाठी जप्ती केल्याचं सिद्ध झालं, तर त्यालाही 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.