लांब पल्ल्याला घोडा काढताय? चालीच्या या चुका टाळा

'अकरापर्यंत अमुक गाव, दुपारी तमुक' असा बेत घरीच पक्का करून निघणं, ही सगळ्यात मोठी चूक. हा मोटारसायकलचा हिशेब झाला. घोडा साध्या चालीने तासाला साधारण ६ किलोमीटर जातो आणि दुडकीने १२ ते १५, पण तेही कोरड्या, सपाट मुरमाच्या रस्त्यावर. पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेत शिरलात की हे आकडे विसरा.

आपल्या काळ्या मातीत पाऊस मुरला की ती खुराला धरून बसते. दोन-चारशे पावलांत नालेच्या आत मातीचा घट्ट लादा बसतो, तळवा गोल होतो आणि पाय घसरू लागतो. अशातच दुडकी चालू ठेवली तर पुढचा पाय चिखलातून वेळेवर सुटत नाही. मग मागचा खूर पुढच्या नालेवर पडतो आणि नाल खिळ्यांसकट उपटून येते. नाल गेली तर नालबंद सापडेल, पण खोल चिखलात पायाची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) ताणली गेली तर घोडा कित्येक महिने बांधून ठेवावा लागतो. म्हणून चिखल लागला की घोडा साध्या चालीवर आणा, धुऱ्याकडेच्या (बांधाकडेच्या) गवतावरून काढा आणि मधूनमधून उतरून खूर कोरा. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते. भेगांच्या वावरातून दौड म्हणजे पाय मोडायचीच तयारी. डांबरी रस्ता सपाट दिसतो, पण त्यावर लांब दुडकी मारली की प्रत्येक पावलाचा हादरा सांध्यांना बसतो. मुरमाची कड मिळाली तर तीच धरा.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा भर दुपारी कोणीच घोडा काढत नाही. फसगत होते ती पावसाने उघडीप दिल्यावर. पारा ३३-३४ च असतो, म्हणून लोक बिनधास्त निघतात. पण हवा दमट असते, अंगावरचा घाम उडत नाही आणि अंगातली उष्णता आतच साचते. अशा दिवशी घोडा घामाने निथळताना दिसला की 'चांगला घाम येतोय' म्हणून खूश होऊ नका, चाल उतरवा.

चाल जास्त होतेय का, हे घोड्यालाच विचारा. जबड्याच्या हाडाखाली बोटं ठेवली की नाडी लागते. १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. लांब पल्ल्याच्या स्पर्धांमध्ये थांब्यावर ते साधारण ६४ च्या आत यावे लागतात. आपणही हीच फूटपट्टी लावावी. पंधरा-वीस मिनिटं सावलीत उभा करूनही ठोके उतरत नसतील, तर त्या दिवसाची दौड संपली.

तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, अंगावर गार पाणी टाकू नये, असं अजूनही गावोगावी ऐकू येतं. ऐकू नका. घोड्याच्या घामातून पाण्यासोबत मीठही भरपूर जातं, त्यामुळे अंगातलं पाणी कमी होऊनही त्याला तहान लागेलच असं नाही. हौद दिसला की थांबा, पिऊ द्या आणि अंगावर पाणी ओतत राहा.

घाट उतरताना घाई नको. उभ्यानेही घोड्याचं जवळपास ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, उतारावर ते आणखी वाढतं. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना सरळ खोगिरावरून उतरून लगाम धरून चालावं, स्वतःचे गुडघे कुरकुरले तरी. सोबत दोन-तीन घोडे असतील, तर चाल सगळ्यात मंद घोड्याची.

मागचा भाग ताठरला, घोडा पाऊल टाकायला तयार नाही आणि लघवी काळसर तांबडी झाली, तर त्याला 'चालवून मोकळा करू' म्हणू नका. त्याचे स्नायू आतून झिजत असतात आणि प्रत्येक पावलाने नुकसान वाढतं. खोगीर काढा, सावली करा, पाणी ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना तिथेच बोलवा, मग गाव दोन किलोमीटरवर का असेना.