आधी दार उघडं ठेवून किल्ली फिरवून बघा: यूकेतल्या डबल ग्लेझिंगची डागडुजी

आपल्याकडे लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, इथलं प्लास्टिकचं दार उन्हाळ्यात. जुलैच्या दुपारी दक्षिणेकडे तोंड असलेल्या दाराची किल्ली फिरायचं नाव घेत नाही, आणि रात्री ऊन उतरलं की तीच किल्ली निमूट फिरते. कुलूप बिघडलेलं नसतं. पल्ला प्रसरण पावून एक-दोन मिलिमीटर सरकलेला असतो आणि कुलपाचे आकडे चौकटीतल्या खाचांना घासत असतात. गडद रंगाच्या दारांना हा त्रास जास्त. नवीन आलेला माणूस अशा वेळी घाबरून डबल ग्लेझिंगच्या, म्हणजे दुहेरी काचेच्या, खिडक्या-दारं विकणाऱ्या कंपनीला फोन करतो. विक्रेता घरी येतो आणि अख्खं दार बदलायचा कागद पुढे करतो. बहुतेक वेळा गरज असते ती अ‍ॅलन कीच्या (षटकोनी टोकाच्या वाकड्या पान्याच्या) अर्ध्या फेऱ्याची, नाहीतर हातात मावेल एवढ्या एका सुट्या भागाची.

घर भाड्याचं असेल तर स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी ई-मेल करा. इंग्लंडमध्ये १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टच्या कलम ११ प्रमाणे घराचा सांगाडा आणि बाहेरची बाजू दुरुस्त ठेवणं घरमालकाचं काम आहे, आणि बाहेरची दारं-खिडक्या साधारणपणे त्यातच मोडतात. पण त्याला कळवल्याशिवाय त्याची जबाबदारी सुरू होत नाही, म्हणून तोंडी सांगून थांबू नका. फोटो जोडून लेखी कळवा. बघायला येण्याआधी त्यानेही तुम्हाला किमान २४ तास आधी लेखी सांगायचं असतं. (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत.) घराचा ताबा घेताना प्रत्येक खिडकी उघडून-मिटून बघा, सैल हँडल, हरवलेल्या किल्ल्या, लोंबणारा पल्ला यांचे फोटो पहिल्याच दिवशी एजंटला पाठवा. नाहीतर घर सोडताना तेच हँडल तुमच्या डिपॉझिटमधून वजा होतं. परवानगीशिवाय कुलूप बदलू नका. स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटमध्येही आधी लीज वाचा: खिडक्या अनेकदा इमारतीच्या मालकाच्या असतात, आणि जिन्याकडे उघडणारं दार अग्निरोधक असतं, त्याला मनाला येईल तसं भोक पाडायचं नसतं.

दार: निदान एका मिनिटात

इथल्या प्लास्टिकच्या दाराला मल्टिपॉइंट लॉक असतं. दाराच्या कडेला वरपासून खालपर्यंत एक लांब पट्टी, तिच्यावर तीन ते पाच ठिकाणी आकडे, रोलर किंवा बोल्ट, आणि मध्ये हँडलच्या मागे गिअरबॉक्स. हँडल वर उचललं की आकडे बाहेर येतात, मग किल्ली फिरवायची. हँडल न उचलता दार नुसतं ओढून घेतलं तर ते फक्त लॅचवर असतं, कुलूपबंद नसतं. आणि बाहेरून हँडल फिरतच नाही अशा जातीचं दार असेल, तर कचरा टाकायला गेलेला माणूस चपलांवर बाहेर अडकतो.

आता चाचणी. दार सताड उघडं ठेवा, हँडल वर उचला, किल्ली फिरवा. उघड्या दारात सगळं लोण्यासारखं चालतंय आणि मिटल्यावर अडतंय, तर कुलूप ठणठणीत आहे आणि दोष रेषेचा आहे. उघड्या दारातही हँडल जड लागतंय, करकरतंय किंवा अर्ध्यात अडतंय, तर गिअरबॉक्स खलास होत आलाय. चाचणी झाल्यावर किल्ली उलटी फिरवून, हँडल खाली दाबून आकडे आत घ्यायला विसरू नका. बाहेर आलेल्या आकड्यांसकट दार आपटलं तर चौकटीवरची कीप (आकडा ज्या खाचेत शिरतो ती धातूची पट्टी) वाकते आणि फुकटचं दुसरं काम लागतं.

रेषेचा दोष असेल तर चौकटीवरच्या कीप नीट बघा. आकडा जिथे घासतो तिथे पॉलिश उडून धातू चकाकतो. खरचटा कीपच्या खालच्या ओठावर असेल तर पल्ला खाली बसलाय. मग बिजागऱ्यांकडे वळा. टोप्या काढल्या की अ‍ॅलन कीची भोकं दिसतात, बहुधा ४ किंवा ५ मिलिमीटरची. एक स्क्रू पल्ला वर-खाली करतो, दुसरा डावी-उजवीकडे. एका वेळी अर्धा फेरा, आणि आडवं सरकवताना सगळ्या बिजागऱ्यांना सारखा. एकालाच पिळलं तर पल्ला तिरका होतो. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर दार मिटून हँडल उचलून बघा. पल्ल्याभोवतीची फट चारही बाजूंना सारखी दिसली की थांबा. पल्ला सरळ आहे पण मिटताना रबरावर फार दाबला जातोय, तर काम कीपचं: पुष्कळशा कीप स्क्रू सैल करून किंचित आत-बाहेर सरकवता येतात.

जड हँडल जोर लावून उचलत राहणं ही इथली सगळ्यात महागडी सवय. दार एका मिलिमीटरने खाली आलेलं असतं, माणूस वर्षभर खांद्याने ढकलून, हँडल हिसकून वापरतो, आणि एक दिवस गिअरबॉक्सच्या आतला तुकडा मोडतो. तोही दार बंद असताना. मग उघडायला कुलूपवाला बोलवावा लागतो. या देशात कुलूपवाल्याला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे फोनवर एकूण आकडा आधी विचारा, आणि 'सिलिंडर (किल्ली घालायचं नळकांडं) ड्रिल करावाच लागेल' असं बघण्याआधीच सांगणाऱ्याला नको म्हणा. मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशनने तपासलेले लोक त्या संस्थेच्या यादीत मिळतात.

बिजागरीचे स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही दार लोंबत असेल, तर दोष काचेच्या बसवणुकीत आहे. डबल ग्लेझिंगची काच चौकटीत नुसती अडकवलेली नसते, ती पल्ल्याला तिरका टेका देते. बिजागरीकडचा खालचा कोपरा आणि हँडलकडचा वरचा कोपरा, या दोन ठिकाणी काच आणि चौकट यांमध्ये प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या, म्हणजे पॅकर, ठोसलेले असतात. याला इथे 'टो अँड हील' म्हणतात. पॅकर सरकले की हँडलकडची बाजू खाली येते. खात्री करायची तर पल्ल्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजा: बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यापासून हँडलच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण आखूड भरला तर हेच दुखणं. आतल्या बाजूचं बीडिंग (काच धरून ठेवणाऱ्या कडेच्या पट्ट्या) काढायला सगळ्यात लांब पट्टीच्या मध्यापासून सुरुवात करा, बोथट पटाशी किंवा रुंद पुट्टीपट्टीने, आणि प्रत्येक पट्टी कुठली ते पेन्सिलने लिहून ठेवा. काच चपट्या तरफेने किंचित उचलून १ ते ६ मिलिमीटर जाडीचे पॅकर त्या दोन कोपऱ्यांत भरा. बीडिंग परत बसवताना आधी आखूड पट्ट्या, मग लांब. रबरी हातोडी वापरा, आणि दुसऱ्या माणसाने काच धरलेली हवीच.

गिअरबॉक्स गेला असेल तर सगळी पट्टी बदलावी लागतेच असं नाही, बऱ्याच जातींत तेवढाच भाग सुटा मिळतो. आतल्या बाजूचे हँडलचे स्क्रू काढा, सिलिंडर काढा (कसा ते पुढे आहे), पट्टीचे स्क्रू काढा, पट्टी बाहेर ओढा. आता मापं: पट्टीवर कोरलेलं कंपनीचं नाव (येल, जीयू, विंकहाउस, फुहर अशांपैकी काहीतरी असतं), पट्टीची रुंदी १६ की २० मिलिमीटर, हँडलच्या चौकोनी भोकाच्या मध्यापासून किल्लीच्या मध्यापर्यंतचं अंतर (बहुतेक ठिकाणी ९२), आणि पट्टीच्या दर्शनी बाजूपासून त्या चौकोनी भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे बॅकसेट (३५ सर्रास, ४५ही दिसतो). पट्टीवर मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि मगच मागवा. 'दिसायला सारखाच आहे' म्हणून घेतलेला गिअरबॉक्स दोन मिलिमीटरने चुकतो आणि परत पाठवावा लागतो.

सिलिंडर

गॅसचा नव्हे. किल्ली जिथे घालतो त्या नळकांड्याला इथे युरो सिलिंडर म्हणतात. जुन्या घरातला सिलिंडर हँडलच्या पट्टीबाहेर ३ मिलिमीटरहून जास्त डोकावत असेल तर चोर तो पकडीने धरून मधोमध मोडतो आणि कुलूप उघडतो. म्हणून माप नेमकं हवं. मध्ये स्क्रूचं भोक असतं. त्याच्या मध्यापासून बाहेरचं टोक आणि आतलं टोक वेगवेगळं मोजायचं, बाहेरचं आधी सांगायचं: ३५/४५ म्हणजे बाहेर ३५, आत ४५. मापं ५ मिलिमीटरच्या टप्प्यांत येतात. विकत घेताना टीएस ००७ या सुरक्षा मानकाचे तीन तारे असलेला घ्या, किंवा एक तारा असलेला सिलिंडर आणि दोन तारे असलेलं हँडल अशी जोडी.

काढायला दाराच्या कडेवर, किल्लीच्या उंचीला असलेला एकच लांब स्क्रू सोडवा. मग किल्ली घालून किंचित फिरवा, घड्याळाचा काटा बारावरून पाच-दहा मिनिटं सरकावा एवढीच. सिलिंडरच्या पोटातली जीभ आत जाते आणि तो सरळ बाहेर येतो. ओढूनही येत नसेल तर किल्ली थोडी दुसऱ्या बाजूला. या सगळ्या वेळात दार उघडंच ठेवा. आतून किल्लीऐवजी अंगठ्याने फिरवायची मूठ असलेला सिलिंडर घेतलात तर आग लागली तरी किल्ली शोधत बसावं लागत नाही. पण दाराला काच किंवा मोठं पत्रपेटीचं भोक असेल, तर बाहेरून हात घालून ती मूठ फिरवता येईल का ते आधी बघा.

खिडकीचं हँडल

हँडल गोल-गोल फिरतंय पण खिडकी उघडत नाही, किंवा लुळं पडलंय. हँडल ९० अंशांत फिरवलं की खालचा स्क्रू दिसतो, वरचा टोपीखाली. दोन्ही काढा. मागे ७ मिलिमीटरची चौकोनी सळई असते. आता त्याच जुन्या सळईला पक्कड लावून भोकात फिरवून बघा: खिडकीच्या कडेचे बोल्ट सरकले तर फक्त हँडल गेलंय, नाही सरकले तर आतली पट्टी गेलीय. नव्या हँडलसाठी तीन गोष्टी मोजा: स्क्रूंमधलं अंतर (४३ मिलिमीटर नेहमीचं), हँडलच्या बुडापासून सळईची लांबी, आणि हँडल सरळ आहे की डावी-उजवीकडे वाकडं. सळई लांब असली तर लोखंड कापायच्या करवतीने कापता येते. आखूड असली तर पैसे वाया. जुन्या धाटणीच्या खिडक्यांत सळईच नसते, हँडलचं नाक चौकटीवर चढतं. तिथे त्या नाकाची उंची मोजायची.

बिजागऱ्या

खिडकीची बिजागरी म्हणजे पल्ला आणि चौकट यांच्या मध्ये लपलेली स्टीलची कात्रीसारखी जोडपट्टी, फ्रिक्शन स्टे. वाऱ्याने खिडकी आपोआप मिटत असेल तर तिच्यावरचा पितळी स्क्रू चपट्या स्क्रूड्रायव्हरने थोडा आवळून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. बिजागरीकडच्या कोपऱ्यातून वारा येत असेल, पल्ला खाली घासत असेल, रिवेट ढिले असतील, तर बदला, आणि दोन्ही एकदम. चौकटीवर बसणाऱ्या पट्टीची लांबी (इंचात विकतात: ८, १०, १२, १६, २०, २४) आणि मिटलेल्या अवस्थेतली जाडी, १३ की १७ मिलिमीटर, ही दोन मापं. वरून टांगलेल्या आणि बाजूने उघडणाऱ्या खिडक्यांच्या बिजागऱ्या वेगळ्या असतात.

बदलणं सोपं, वजन फसवं. ४ मिलिमीटरच्या दोन काचा म्हणजे दर चौरस मीटरला २० किलो, वर फ्रेमचं वजन वेगळं. वरच्या मजल्यावर हे एकट्याने करायचं नाही. एकाने पल्ला दोन्ही हातांनी धरायचा, दुसऱ्याने पल्ल्याकडचे स्क्रू काढायचे, पल्ला आत घेऊन चादरीवर आडवा ठेवायचा, मग चौकटीकडचे स्क्रू. जुनं भोक ढिलं झालं असेल तर ४.३ मिलिमीटरऐवजी ४.८चा स्क्रू घ्या. काडेपेटीची काडी ठोकायचा आपला तोडगा प्लास्टिकमध्ये टिकत नाही.

बेडरूमच्या खिडकीला पूर्ण ९० अंशांत उघडणारी, आगीत बाहेर पडता येईल अशी बिजागरी असेल तर बदलतानाही तशीच घ्या. इंग्लंडच्या नियमावलीत अशा खिडकीची मोकळी जागा किमान ०.३३ चौरस मीटर, रुंदी आणि उंची दोन्ही किमान ४५० मिलिमीटर, आणि उघडणाऱ्या भागाची खालची कड जमिनीपासून ११०० मिलिमीटरच्या आत हवी. काच पुसायला सोयीची म्हणून दुसऱ्या जातीची बिजागरी बसवली की वाट अरुंद होते. लहान मुलं असतील तर १०० मिलिमीटरवर अडवणारा, पण मोठ्या माणसाला हाताने सोडवता येणारा रिस्ट्रिक्टर लावा.

वर्षातून दोनदा, थंडी सुरू होताना आणि संपताना, आकडे-रोलर-बोल्टांवर हलकं तेल किंवा लिथियम ग्रीस. सिलिंडरमध्ये मात्र तेल नाही. तेलात धूळ चिकटून पिना अडकतात. तिथे कोरडा ग्रॅफाइट किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे. खोबरेल तर अजिबात नको, इथल्या थंडीत ते मेणासारखं थिजतं. चौकटीच्या तळाशी बाहेरच्या बाजूला असलेल्या बारीक चिरा पाणी वाहून जायला असतात, वारा येतो म्हणून सिलिकॉनने बुजवू नका.

आणि दोन काचांच्या मध्ये धुकं दिसलं तर सील गेलंय. चौकट न काढता तेवढाच काचेचा संच बदलता येतो. खोलीच्या बाजूने काच ओली होत असेल तर तो स्वयंपाकाच्या वाफेचा आणि रेडिएटरवर वाळत टाकलेल्या कपड्यांचा हिशेब आहे, खिडकीचा नाही. त्यासाठी कुणी नवीन खिडक्या विकत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा, आणि खिडकीच्या वरची हवेची झडप उघडी ठेवा.