लॉनमधली हुमणी: औषध आणण्याआधी खणून बघा

लॉनवर पिवळे डाग पडले की आधी पाणी वाढवलं जातं, मग खत पडतं, आणि तरीही गवत वाळतच राहिलं की फवारणी होते. मातीत काय आहे हे मात्र कोणी बघत नाही. भुंगेऱ्यांचा खरा उपद्रव जमिनीखाली असतो. उडणारे भुंगेरे झाडांची पानं खातात, काही जाती तर जवळपास काहीच खात नाहीत. गवताची मुळं कुरतडते ती त्यांची अळी, म्हणजे हुमणी.

आधी ओढून बघा

पिवळ्या डागातलं गवत मुठीत धरा आणि ओढा. पाण्याअभावी वाळलेलं गवत सहसा मातीला घट्ट धरून असतं. हुमणी लागलेली असेल तर गवताचा अख्खा थर सतरंजीसारखा उचलला जातो, कारण खाली मुळंच उरलेली नसतात. चालताना जमीन भुसभुशीत लागणं, पक्ष्यांनी एकाच जागी टोचत राहणं, रात्री एखाद्या प्राण्याने माती उकरलेली असणं, हीदेखील हुमणीची लक्षणं. पात्यांवर गोल ठिपके किंवा बुरशीचे धागे दिसत असतील तर तो रोग आहे, त्याचा उपाय वेगळा.

मग खणा

डागाच्या मधोमध खणू नका. तिथलं खाणं संपलेलं असतं आणि अळ्या पुढे सरकलेल्या असतात. हिरवं आणि पिवळं गवत जिथे भेटतं, त्या कडेला एक फूट लांब-रुंद चौकोन तीन बाजूंनी कापा आणि गालिच्याची घडी उलटावी तसा मागे दुमडा. सात-आठ सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती प्लास्टिकवर काढून बोटांनी मोकळी करा. हुमणी लगेच ओळखू येते: मळकट पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, डोकं तपकिरी, पायांच्या तीन जोड्या आणि आतली माती दिसल्यामुळे करडं झालेलं शेपटाकडचं टोक.

पाय नसलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या अळ्या सापडल्या तर त्या सोंडकिड्याच्या. या किडीत गवताची काडी बुडाशी मोडते आणि मोडलेल्या जागी लाकडाच्या भुशासारखी पूड दिसते.

अळ्या मोजून माती परत भरा, गवत दाबून बसवा, पाणी द्या. लॉनमध्ये चार-पाच ठिकाणी असंच करा. चौरस फुटात पाचपेक्षा कमी हुमणी असेल तर निरोगी लॉन ते सहज सोसतं, औषधाची गरजच नसते. दहा किंवा जास्त असतील तर उपाय करायलाच हवा. मधल्या आकड्यांत गवताची तब्येत बघून ठरवा.

वेळ चुकली तर औषध वाया जातं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. बहुतेक जातींचे भुंगेरे उन्हाळ्यात बाहेर पडतात आणि ओलसर मातीत अंडी घालतात. दोन-तीन आठवड्यांत अळ्या निघतात आणि दोनदा कात टाकून मोठ्या होतात. थंडीत त्या खोल जातात, थंडी सरली की वर येऊन थोडं खातात आणि कोषात जातात. लहान अळी सहज मरते. पूर्ण वाढलेली अळी औषधाला फारशी दाद देत नाही आणि कोष तर काही खातच नाही. म्हणून उपाय अंडी फुटल्यानंतरच्या काही आठवड्यांत करा. काही जातींचं चक्र दोन-तीन वर्षांचं असतं, तेव्हा कॅलेंडरपेक्षा खणून दिसलेल्या अळीच्या आकारावर विश्वास ठेवा.

पहिली पसंती मी सूत्रकृमींना देईन. हेटेरोऱ्हाब्डायटिस जातीचे सूक्ष्म कृमी हुमणीच्या शरीरात शिरून तिला मारतात. ते जिवंत असतात, त्यामुळे मुदतीतलं पाकीट घ्या, सावलीत ठेवा, आधी जमीन भिजवा, संध्याकाळी सोडा, लगेच वरून पाणी द्या आणि पुढचे दहा-पंधरा दिवस माती ओली ठेवा. ऊन आणि कोरडी माती त्यांना मारते. माती फार थंड असेल तर ते कामच करत नाहीत. मेटारायझियम ही बुरशीही उपयोगी आहे, पण तिचा परिणाम सावकाश दिसतो.

रासायनिक औषध घ्यायचंच तर लॉनसाठी आणि हुमणीसाठी शिफारस केलेलं घ्या आणि लेबलवरचं प्रमाण तंतोतंत पाळा. इमिडाक्लोप्रिड मधमाश्यांना घातक आहे. क्लोरँट्रानिलिप्रोल त्या मानाने पुष्कळ सौम्य, पण ते सावकाश मुरतं, म्हणून अंडी फुटण्याआधीच द्यावं लागतं. कोणतंही औषध देण्याआधी लॉनमधली फुललेली तणं कापून टाका. लेबलवर पाणी द्यायला सांगितलं असेल तर तेवढं नक्की द्या, नाहीतर औषध वरच राहतं आणि अळी खाली खात राहते.

भुंगेरे उडायच्या दिवसांत अंगणातले दिवे शक्य तितके बंद ठेवा. झाडांवर दिसलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात झटका. गंधसापळे लॉनजवळ लावू नका, पकडतात त्यापेक्षा जास्त भुंगेरे ते ओढून आणतात. गवत सात-आठ सेंटीमीटर उंच राहू दिलं तर मुळं खोल जातात, अर्थात तुमच्या गवताच्या जातीला ती उंची मानवत असेल तरच.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा खणून मोजा. विटकरी लाल झालेली अळी म्हणजे सूत्रकृमींनी काम केलं, अंगावर हिरवट पूड असेल तर मेटारायझियमने. आकडा उतरलेला दिसला की मेलेलं गवत दाताळ्याने काढून तिथे नवं गवत लावा.