गाडी सेल्फ घेत नाही? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

सेल्फ लागला नाही की लोक आधी बॅटरी बदलतात, मग सेल्फ मोटर उतरवतात. अर्थिंग (इंजिन आणि बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे करंट परत यायची वाट) बघायचं सुचतं तोवर खिशातले आठ-दहा हजार गेलेले असतात.

मागच्या पावसाळ्यात एक काका टोचन करून गाडी घेऊन आले. दिवे लख्ख, हॉर्न दणदणीत, पण किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’. “बॅटरी परवाच टाकलीय हो!” टाकली होती खरी, आणि जुनी एक्स्चेंजमध्ये देऊनही टाकली होती. नवीन बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती. मी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि काकांना सेल्फ मारायला सांगितला. इथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. मीटर गेला चारावर! गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी बघितली, तर बोल्ट हातानं फिरत होता आणि खाली हिरवा थर. पॉलिश पेपर मारला, नवा बोल्ट आवळला, गाडी पहिल्या झटक्यात चालू. दिवे-हॉर्न चालतात म्हणून करंट पोचतोय असं धरू नका. हॉर्नला चार-पाच अँपिअर पुरतात, सेल्फ शंभराच्या वर मागतो.

दुसरा माझा नावडता प्रकार म्हणजे 15 अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी 30 चा हिरवा. निळा उडतोय ना, मग हिरवा टाका! काही महाभाग तर चांदीचा कागद गुंडाळतात. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो उडायचा थांबला की वायर तापते. दोनदा उडाला की मी तिसरा टाकतच नाही. फ्यूजच्या रिकाम्या खाचेच्या दोन टोकांत ब्रेकचा 21 वॅटचा बल्ब जोडतो आणि एकेक कपलर (वायरींचा जोड) काढत, वायरिंग हलवत बसतो. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण पेटतो, सुटला की मंदावतो. डिकीच्या दाराशी रबरी नळीतून जाणारी वायर आधी हलवा, उघडझाप होऊन तिथेच सोलवटते. वेळ लागतो. घाई असेल त्यानं रिक्षा करावी.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) ‘चेक’ करणाऱ्यांना हात जोडतो: ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडू शकतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावा, बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत.

टर्मिनल काढताना मायनस आधी, लावताना शेवटी.

हेडलाइटला 100 वॅटचे बल्ब रिलेशिवाय (मोठा करंट झेलणारा वेगळा स्विच) लावले की स्विच आणि वायर तापतात.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मग लीकेज (गाडी बंद असतानाही बॅटरीतून जाणारा करंट) मोजा. 50 मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. नवशिके दार उघडं टाकून मोजतात आणि “लीकेज सापडलं!” म्हणून फोन करतात. सापडलेला असतो छताचा दिवा.