अँटीबॉडी घालताच सोन्याचं कोलॉइड निळं पडतंय? माझा अनुभव

महाप्याच्या आमच्या लॅबमध्ये ४० नॅनोमीटर सोन्याच्या लालभडक कोलॉइडमध्ये (पाण्यात तरंगणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण) अँटीबॉडी (ठरावीक पदार्थालाच चिकटणारं प्रथिन) घातली की ते मिनिटभरात निळं पडायचं. अँटीबॉडी वाढवली, नवी बाटली फोडली. तीन आठवडे अक्षरशः पाण्यात गेले.

दोष पीबीएसमधल्या, म्हणजे अँटीबॉडी ज्या खारट बफरमध्ये होती त्यातल्या, मिठाचा. सोन्याच्या कणांवरच्या सायट्रेटच्या ऋण भारामुळे कण एकमेकांपासून लांब राहतात. मीठ तो भार झाकतं आणि प्रथिन चिकटायच्या आत कणांच्या गुठळ्या होतात.

म्हणून आधी अँटीबॉडीचं २ मिलिमोलर बोरेटमध्ये (अगदी कमी क्षाराच्या बफरमध्ये) डायलिसिस करून मीठ काढलं. मग पोटॅशियम कार्बोनेटने कोलॉइडचा पीएच ८.५ ते ९ वर आणला. (पट्टीनेच बघा, इलेक्ट्रोड सोन्याने तुंबतो.) छोट्या नळ्यांत कोलॉइड आणि चढत्या मात्रेने अँटीबॉडी, दहा मिनिटांनी चाचणीसाठी १० टक्के मीठपाणी; अँटीबॉडीने कण पुरेसे झाकले असतील तर रंग लालच राहतो. लाल राहिलेल्या पहिल्या नळीहून थोडी जास्त मात्रा धरली. शेवटी कणांवरची उरलेली जागा झाकायला बीएसए (गायीच्या रक्तातलं प्रथिन).

फ्रिजमधली बाटली आठवड्यानंतरही लाल आहे.